दुसऱ्या रांगेतले काका

मी त्यांना 'काका' म्हटलं आणि त्यांनी पुढच्याच वाक्याला 'बोला आजी' म्हणून वचपा काढला. खरं तर ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनीच मोठे. काका म्हणण्याइतकं अंतर नव्हतं. पण परमुलखात, परक्या पुरुषाला, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी काय हाक मारायची हे पुण्यात मला कुणी शिकवलं नव्हतं. 'भाऊ' म्हणावं तर भाऊबिजेला ओवाळावं लागणार, 'साहेब' म्हणावं तर अर्ज घेऊन आल्यासारखं वाटणार. काका बरं. त्यात कुणाचं काही जात नाही.

आता मी सत्तरी ओलांडली आहे. इथून मागं पाहिलं की ती एकसष्टीतली बाई मला फारच तरुण आणि तितकीच अतिशहाणी वाटते. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. "आई, तिथं एकटी काय करणार? इकडे ये," असं म्हणून चिरंजीवांनी मला सिंगापूरला, जुरोंग ईस्टच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं. ते वन-नॉर्थच्या ऑफिसात, सूनबाई बँकेत, नात शाळेत. दिवसभर घरात मी आणि फ्रीज. बाहेर पडायचे तेव्हा पिशवीत थालीपीठ, लिंबाचं लोणचं, पाण्याची बाटली आणि आपली संपूर्ण संस्कृती घेऊन पडायचे. गाण्याच्या पाच परीक्षा दिल्या होत्या, त्यातल्या चार पास. त्यामुळे इथल्या कुठल्याही आवाजाला 'गोंगाट' म्हणायचा मला अधिकार आहे अशी माझी समजूत होती. आणि खाण्याचं तर विचारूच नका. दुकानापुढं उभी राहून "नो एग? नो फिश? सॉसमध्येपण नो फिश? शुअर?" अशी उलटतपासणी घ्यायची, मागं रांग खोळंबवायची, आणि शेवटी काहीही न घेता थालीपीठ काढायचं.

आमच्या ब्लॉकखाली हॉकर सेंटर होतं. एका मोठ्या छपराखाली ओळीनं खाण्याची दुकानं आणि मधे टेबलं-स्टुलं. एका दुपारी तिथं एक टेबल रिकामं दिसलं. वर टिश्यूपेपरचं एक पाकीट पडलेलं. "कोण विसरलंय बाई!" असं मोठ्यानं म्हणत मी बसले, पाकीट फोडलं, घाम पुसला, टेबल पुसलं. शेवटचा कागद नाकाशी असताना समोर एक ट्रे येऊन थांबला.

"माझा रुमाल संपवलात तुम्ही," ट्रेच्या वरून आवाज आला. स्वच्छ मराठी.

मान वर केली. उंच, किडकिडीत माणूस. पांढऱ्या शर्टाच्या खिशात एक प्लास्टिकची डबी, हातावर छत्री लटकावलेली. बाहेर ऊन, वर छप्पर, तरी छत्री.

"एस्टीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो का नाही आपण? तसलंच आहे हे. इथं ह्याला चोप करणं म्हणतात. टेबलावर टिश्यू ठेवून जायचं आणि खाणं घेऊन निवांत यायचं. कुणी हात लावत नाही. इतकी वर्षं झाली, एकानं लावला नाही. पुण्याचं माणूस यायचं बाकी होतं."

"मी पुण्याची हे कशावरून?"

"माझं टेबल पुसून मलाच बघायला लागलाय, पाहुणा आल्यासारखं. बसा की, उठताय कशाला?"

ते सांगलीचे. तिथला 'की' त्यांच्या जिभेवरून कधी गेला नाही, आणि इथल्या इंग्रजीच्या शेपटाला लागणाऱ्या 'लाह'शी त्यांनी त्याचं लग्न लावून दिलं होतं. "बसा की आणि सिट लाह, एकच आई त्यांची," असं ते म्हणत. माझ्या नातीला "काय लाह, अभ्यास झाला का लाह?" असं विचारत आणि ती पोरगी, जी माझ्या मराठीला इंग्रजीतून उत्तर द्यायची, त्यांना "झाला की" म्हणायची!

काका उभं आयुष्य जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत पंप सांभाळत होते. पहाटे कंपनीच्या बसनं जायचं, गळ्यात पास, कानांत आवाज अडवणारी बोंडं. पण ती बोंडं काढून पंपाशी कान लावायची त्यांना खोड. बेअरिंग जायच्या आधी पंप कण्हतो म्हणे, आपल्या गुडघ्यांसारखा. निवृत्त झाल्यावर त्यांनी तोच कान जेवणाकडे वळवला. हॉकर सेंटरच्या मधोमध उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि ऐकायचे. एकीकडे कढईवर उलथनं, एकीकडे लाकडी ठोकळ्यावर सुरा, एकीकडे हातभर उंचीवरून ओतलेला चहा.

"आज नूडल्सवाला घाईत आहे. उलथनं बघा कसं आपटतोय. बायकोशी वाजलं असणार. आज त्याच्याकडं नको." मग दोन पावलं पुढं. "हां. हिचा हात आज बसलाय. इथं खायचं."

"वास घ्या की, निदान पाटी तरी वाचा," मी म्हणायचे.

"वास फसवतो. पाटी तर फसवायलाच लावलेली असते. हात फसवत नाही."

मॉलमधल्या एसी फूडकोर्टात ते पाऊल ठेवत नसत. कारण काय, तर तिथं स्वयंपाक ऐकू येत नाही. ताट पुढं आलं की खिशातली डबी उघडायची आणि कांदा-लसूण मसाल्याची चिमूट भुरभुरायची. कशावरही. नूडल्सवर, भातावर, एकदा तर नारळाच्या जॅमच्या टोस्टवर. मुळ्याचा केक तळणारी चिनी आँटी त्यांना लांबून बघूनच ओरडायची, "अंकल, यू ब्रिंग रेड पावडर?" त्या पदार्थाला इथं 'कॅरट केक' म्हणतात. त्यात गाजर नाही आणि तो केकही नाही. मुळा आणि तांदळाच्या पिठाच्या वड्या, अंड्याबरोबर खरपूस परतलेल्या. मी अर्थातच खात नसे. माझ्यासाठी त्यांनी बौद्ध शाकाहारी दुकान शोधलं आणि तिथल्या तांदळाच्या शेवया पुढं ठेवल्या. "उपमा समजा आणि गिळा." मी समजले आणि गिळला. दुसऱ्या दिवशी त्यांना न सांगता परत गेले. थालीपीठ पिशवीतच राहिलं, ते संध्याकाळी चिरंजीवांना वाढलं.

गाण्याचंही तसंच. "तिकीट काढून गाणं ऐकायला इथं काय कमी आहे? लिफ्टनं खाली उतरा आणि कान उघडे ठेवा," हा त्यांचा मंत्र. इथल्या ब्लॉकांखाली मोकळी जागा असते, तिथं मलाय लोकांची लग्नं लागतात. असंच एक लग्न चाललेलं, पोरांचा ताफा हातातले डफ वाजवत नवरदेवाला आणत होता. काका रस्त्यावरच थबकले आणि मांडीवर ठेका धरला. नवऱ्याच्या बापानं बघितलं आणि हाताला धरून आत नेलं. मी खांबामागं पर्स छातीशी धरून उभी. आमंत्रण नाही, ओळख नाही, आहेर नाही! थोड्या वेळानं काका भाताचं ताट घेऊन बाहेर आले. "तुम्हाला विचारत होते, खांबामागची बाई कोण म्हणून. म्हटलं, संगीत परीक्षक आहे, लाजते."

रविवारी दुपारी त्यांना मेलबर्नहून मुलाचा फोन यायचा. एकुलता एक मुलगा, बापाची काळजी खरी होती त्याची. काका फोन स्पीकरवर टाकायचे, त्यामुळे सगळं टेबल ऐकायचं.

"बाबा, कधी येताय? खोली तयार आहे. एकटे पडलात तर कोण आहे तिथं?"

"येतो की. सातवा महिना होऊ दे."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सुनेला दिवस गेलेत. मी मनातल्या मनात डोहाळजेवणाचा मेनू ठरवूनही टाकला. पण पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. मग मी विचारलं.

"चिनी पंचांगाचा सातवा महिना. गेलेली माणसं घरी येतात तेव्हा. आपला पितृपक्ष असतो ना, तसाच. फक्त आपण खीर-वडे घालून पंधरवड्यात वाटेला लावतो. हे लोक महिनाभर ठेवून घेतात आणि वर त्यांच्या करमणुकीला गाण्याचे कार्यक्रम लावतात. गेताई म्हणतात. पुढच्या आठवड्यात आपल्या मैदानात मांडव पडेल. सातला सुरू होतं. या नातीला घेऊन."

एवढंच सांगितलं. पुढचं सांगायला हवं होतं असं त्यांना नंतर वाटलं असणार.

गाण्याचा कार्यक्रम, तोही फुकट! मी सहालाच हजर. मैदानात रंगीत पट्ट्यांचा मांडव, स्टेजवर डोळे दिपवणारे दिवे, एका बाजूला टेबलावर संत्री, पावांचे डोंगर, जाडजूड उदबत्त्या. लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा. मागच्या रांगा भरत आलेल्या आणि पहिली रांग, विश्वास ठेवा, अख्खी रिकामी! पुण्यात डिसेंबरच्या मैफलींना मी दुपारपासून बैठकीवर चादर अंथरून बसलेली बाई. मला त्या लोकांची कीव आली. एवढी साधी गोष्ट कळू नये? चोप करायला मी आता शिकले होतेच. पर्समधून टिश्यूची पाकिटं काढली आणि एकेका खुर्चीवर मांडली. चिरंजीव, सूनबाई, काका, नात. मधोमध मी स्वतः बसले, साडीचा घोळ सावरून.

"आजी, आय थिंक कॅनॉट सिट हिअर लाह," नात कुजबुजली.

"काही होत नाही. ताठ बसलं की निमंत्रित वाटतो आपण. ये."

ती आली नाही. शहाणी निघाली, आजोबांवर गेली आहे.

हळूहळू माझ्या मागचा कलकलाट थांबला. स्टेजवर माइक जुळवणारा मुलगा माझ्याकडे बघत थिजला. मग खुर्च्या मांडणारे एक चिनी अंकल दोन्ही हात हलवत धावत आले. "आँटी, कॅनॉट! कॅनॉट! धिस रो फॉर द गुड ब्रदर्स!"

"व्हॉट ब्रदर्स? आय केम फर्स्ट," मी म्हटलं. आणि वर त्यांना टिश्यू दाखवला.

तेवढ्यात काका पोचले. हातात कागदात बांधलेलं काहीतरी गरम. त्यांनी रांगेकडे पाहिलं, टिश्यूंकडे पाहिलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आजी, उठा. तुम्ही कुणाच्यातरी मांडीवर बसलाय."

'गुड ब्रदर्स' म्हणजे गेलेली माणसं, पहिली रांग आलेल्या पितरांची. जिवंत माणसानं तिथं बसायचं नाही. मी अशी उठले की गुडघ्यांना कळायच्या आत उभी होते. काकांनी एकेक पाकीट उचललं, आणि प्रत्येक खुर्चीपुढं किंचित वाकून, जणू 'बाई नवीन आहे, सांभाळून घ्या' म्हणाले. चिनी अंकल आधी गंभीर होते, मग गालात हसायला लागले. मी दुसऱ्या रांगेत जाऊन पदर तोंडाशी धरून बसले. नात शेजारी पोट धरून हसत होती.

एक पाकीट मात्र काकांनी उचललं नव्हतं. डावीकडून तिसऱ्या खुर्चीवरचं. ते त्याच खुर्चीच्या बरोबर मागं, माझ्या शेजारी, बसले.

"ते राहिलं," मी म्हटलं.

"राहू दे. ही बसते तिथं." मग जरा वेळानं, "सुट्टीला सांगलीला गेलो की स्कूटरवर कायम माझ्या मागं बसायची. म्हटलं, आता आपण मागं बसू."

कागदातला कॅरट केक त्यांनी दोन्ही हातांनी मांडीवर धरला. गाणी सुरू झाली. चमचमते कपडे, कानठळ्या बसवणारे ढोल, मधे मधे विनोद, लोक खदखदून हसतायत, पहिली रांग शांत. चार परीक्षा पास झालेल्या मला एक अक्षर कळत नव्हतं. पण एका म्हातारीनं स्टेजवर येऊन काहीतरी संथ म्हटलं, आणि माझ्या पर्सवर माझीच बोटं ठेका द्यायला लागली. काकांनी ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. सभ्य माणूस.

दोन-तीन गाणी झाल्यावर त्यांनी कागद सोडला. "झालं तिचं खाऊन," म्हणाले आणि जेवायला लागले. नैवेद्य दाखवून प्रसाद घ्यावा तसं. मसाला न टाकता. मग घास गिळून सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तुमच्या ह्यांना कुठली खुर्ची लागेल?"

वर्षभर लोकांनी मला पुष्कळ काही विचारलं होतं. झोप लागते का, कागदपत्रं झाली का, फ्लॅटचं काय करणार. हे कुणी विचारलं नव्हतं.

"कडेची," मी म्हटलं. "भैरवी सुरू झाली की उठायचे. रिक्षा मिळत नाही म्हणून. तीस वर्षं मी एक भैरवी पुरी ऐकली नाही."

काकांनी दुसरं पाकीट माझ्या हातात दिलं. मी जाऊन कडेच्या खुर्चीवर ठेवलं, आणि परत येताना, कुणाच्या पायावर पाय पडू नये म्हणून, जपून आले.

स्कूटरचं कारण अर्धंच होतं. उरलेलं त्यांनी रविवारी कॉफीवर सांगितलं, मुलाचा फोन ठेवल्यावर. त्यांची बायको नवी लग्न होऊन इथं आली तेव्हा आसपास मराठी बोलायला चिटपाखरू नव्हतं. काका दिवसभर कंपनीत. शेजारची चिनी बाई तिला गेताईला घेऊन गेली. भाषा कळेना, पण गाणी पाठ झाली. पोळ्या लाटताना चिनी गाणी म्हणायची! दरवर्षी शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून काकांची वाट बघायची. काका दरवर्षी शिफ्टचं कारण सांगायचे.

"शिफ्ट नसायची का?"

"कधी असायची, कधी नसायची. गोंगाट वाटायचा मला." त्यांनी कपातली कॉफी उगाच ढवळली. "तिथं गेलेल्या माणसांच्या खुर्च्या रिकाम्या असतात. दुसऱ्या रांगेत एक जिवंत माणसाची रिकामी असायची. आता मुलगा म्हणतो, इकडं या. गेलो, तर तिच्या मागं कोण बसणार?"

मी त्यांच्या हातातला चमचा काढून बशीत ठेवला.

त्यानंतर काही वर्षं आम्ही दुसऱ्या रांगेतली पक्की गिऱ्हाइकं होतो. तिसरी खुर्ची तिची, कडेची ह्यांची. मेलबर्नचा फोन यायचा, "सातवा महिना होऊ दे" व्हायचं, सातवा महिना झाला की पुढच्या वर्षीचा सातवा महिना असायचाच.

मग एका वर्षी, सातवा महिना लागायला दोनेक महिने असताना, काका भाजीबाजाराच्या ओल्या फरशीवर घसरले. खुब्याचं हाड. मुलगा आला, महिनाभर राहिला, सगळं निगुतीनं केलं. फ्लॅट विकायला काढला. "बाबा, या वेळी महिना-बिहिना काही नाही. मला झोप लागत नाही तिकडे." त्या पोराचे डोळे बघून मलाही त्याच्या बाजूनं बोलावंसं वाटलं. काका भांडले नाहीत. निघायच्या दिवशी डबीतला मसाला कॅरट केकवाल्या आँटीला दिला आणि मला म्हणाले, "आजी, रुमाल टाकाल ना?"

"पुण्याचं माणूस आहे. जागा धरणं हीच आमची विद्या."

"पण बसू नका हं तिच्यावर."

त्या वर्षी मी एकटी गेले. तिसऱ्या खुर्चीवर पाकीट ठेवलं, कडेच्या ठेवलं आणि मेलबर्नला फोन लावला. स्क्रीनवर काकांचं फक्त कपाळ आणि छताचा पंखा. स्टेज दाखवायला मी फोन उंच धरला.

"चित्र नको, आवाज द्या. फोन ठेवा माझ्या खुर्चीवर."

मी फोन दुसऱ्या रांगेत, तिच्या बरोबर मागच्या खुर्चीवर, टिश्यूच्या पाकिटाला टेकवून उभा केला. एक बाई तिथं बसायला आली, फोनमधलं कपाळ बघून "सॉरी अंकल" म्हणाली आणि पुढं गेली. मधेच खुर्चीतून आवाज आला, "ढोलवाला नवा आहे. घाबरतोय. पण बसेल हात." शेवटी म्हणाले, "आलो की नाही वेळेवर?"

"आलात," मी म्हटलं.

असे दोन सातवे महिने झाले. एरवी आता रविवारी दुपारी मेलबर्नहून काकांचा फोन मला यायचा. तिसऱ्याच्या आधी फोन आला तो मुलाचा. रविवार नव्हता, त्यामुळे स्क्रीनवर नाव बघितल्याबरोबर कळलं.

मैदानात मांडव पडला तेव्हा मी सहाला गेले, पहिल्या वर्षासारखी. नात आता माझ्याहून उंच झालेली, ती बरोबर. आँटीकडून कॅरट केक बांधून घेतला. तिनं न विचारता वर मसाला टाकला. कुठून आणते कोण जाणे, पण अजून ठेवते. मी पहिल्या रांगेत गेले. कडेची खुर्ची ह्यांची. तिसरी तिची. आणि चौथीवर, तिच्या शेजारी, आणखी एक पाकीट ठेवलं. काकांना पुढच्या रांगेत बढती.

खुर्च्यावाले अंकल लांबून आले. तेही म्हातारे झालेत. "आँटी, फ्रंट रो—"

"आय नो लाह," मी म्हटलं. "नॉट फॉर मी."

त्यांनी तिन्ही पाकिटांकडे बघितलं. दुसऱ्या रांगेतल्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग वाकले आणि चौथी खुर्ची सरकवून तिसरीला अगदी चिकटवून ठेवली.

दोन-तीन गाणी होईपर्यंत मी केक मांडीवर धरून बसले. मग कागद सोडला. अंडं होतं. पण प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. चिरंजीवांना मात्र कुणी सांगू नका.

"आजी," नात कानाशी म्हणाली, अर्धी गंमत, अर्धी भीत, "व्हेन यू... आय मीन, तुझी कुठली ठेवू?"

"आजोबांच्या शेजारची. पण कडेची मला दे, ह्यांना आत ढकल," मी म्हटलं. "या वेळी भैरवी पुरी ऐकायची आहे. आणि घाई करू नकोस, बाकीच्या रांगा अजून भरायच्यात."